खोकला आणि वस्तरा

माझे धाकटे दीर हाडाचे न्हावी. हातात कात्री, तोंडात गप्पा, दोन्ही एकदमच चालायच्या. मग एकदा फ्लू झाला. ताप चार दिवसांत गेला, खोकला मात्र दोन वर्षं मुक्कामाला राहिला. बोलले की खोकला, हसले की खोकला, पावडरचा डबा उघडला की खोकला. छातीचे एक्स-रे स्वच्छ, औषधाच्या बाटल्या रिकाम्या. घरातल्या सगळ्यांनी सल्ले दिले, मीही हात धुऊन घेतले.

एकदा बँकेतल्या साहेबांची दाढी करताना उबळ आली आणि वस्तऱ्यानं त्यांची अर्धी मिशी साफ नेली. भाऊजींनी घाबरून उरलेली अर्धीही उडवली. साहेब आठवडाभर नाकावर रुमाल धरून हिंडले. माझी हसून हसून पुरेवाट. भाऊजी हसले नाहीत. "वहिनी, मिशीच्या जागी गळा असता तर?" म्हणाले. त्या दिवसापासून वस्तरा खणात गेला.

खरी पंचाईत झाली सासऱ्यांची. त्यांचे हात थरथरतात, त्यामुळे रोज सकाळी भाऊजीच त्यांची दाढी करायचे. आता दुसरा कुणी वस्तरा घेऊन आला की ते तोंड फिरवत. वर्षभरात दाढी छातीवर आली. भाऊजी तिच्याकडे बघायचं टाळत. मला दोघांचा राग यायचा आणि दोघांसाठी रडूही.

शेवटी मीच भाऊजींना ओढत घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नाकातून नळी घालून त्यांनी पाहिलं. "फुप्फुसं ठणठणीत आहेत. घशाची नस हळवी झालीय. काही अडकलेलं नसताना तिला अडकल्यासारखं वाटतं."

"आमच्या घरात सगळेच तसे," मी म्हटलं.

गोळ्या सुरू झाल्या. पहिला आठवडा भाऊजी गिऱ्हाइकाच्याच खुर्चीत घोरत पडले. शिवाय रोज व्यायाम: घशात खवखव सुरू झाली की आवंढा गिळायचा, नाकानं छोटे छोटे श्वास घ्यायचे, ओठ आवळून हळू सोडायचे. आणि कमी बोलायचं! हे ऐकून त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तीन महिन्यांनी खोकला निम्म्यावर आला. "पूर्ण जाईलच असं नाही," बाई म्हणाल्या, "पण आता येण्याआधी तुम्हाला कळेल."

काल सकाळी भाऊजींनी आपणहून खण उघडला. आधी कात्रीनं दाढी छाटली, मग फेस लावून दोन्ही गाल केले. कपाळावर घाम. "बाबा, आज एवढंच."

सासऱ्यांनी डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.

गळ्यावर निम्म्यात आले आणि मला भाऊजींच्या चेहऱ्यावर दिसलंच. वस्तरा झटकन वर गेला. आवंढा. छोटे श्वास. ओठ आवळलेले. मी टॉवेल मुठीत पिळत उभी. खोकला आला नाही.

सासऱ्यांनी डोळे उघडले नव्हते. हनुवटी तशीच वर होती.

"तुझं झालं असेल तर पुढे चालू दे," ते म्हणाले. "मान दुखायला लागली."