गेरात हाय ना?

पोखरीचा घाट उतरताना पेट्रोल वाचावं म्हणून मी चालत्या जीपचं इंजिन बंद केलं, चावी काढली, शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावून घेतलं. दुकान बंद केलं की चावी खिशात, ही माझी जुनी सवय. दुकान मात्र उताराला लागलेलं नसतं.

त्या वेळी माझ्या शेजारी जे गृहस्थ बसले होते, त्यांच्याविषयी सांगायचंय. शिनोलीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. सगळी आळी त्यांना अण्णा म्हणायची. उभी हयात एसटीचे ड्रायव्हर म्हणून काढली आणि साखरेनं डोळे अधू केल्यावर घरी बसले. भरलेली गाडी घेऊन पावसाळ्यात घाट चढणारा-उतरणारा हा माणूस, पण स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात गेलं की कोकरासारखा भ्यायचा. मी एकदा त्यांना त्यावरून चिडवलं, तर म्हणाले, "हातात चाक असलं की भ्या नसतं बाबा. मोकळ्या हातालाच लई भ्या."

शेजारी बसून गाडी चालवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अण्णा त्यातले महंत. गाडी हलली की त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर ब्रेक शोधायला लागायचा. डाव्या बाजूला ब्रेक नसतो हे त्यांना ठाऊक होतं. पायाला ठाऊक नव्हतं. माझ्या गाडीतली त्या जागची रबरी चटई त्यांनी दाबून दाबून आरपार केली होती. दोन्ही हातांनी समोरची दांडी धरायची, मान आत ओढून घ्यायची, आणि उतार दिसला की अगदी हळू विचारायचं, "गेरात हाय ना?"

मी म्हणायचो, "हाय की." मग पुढच्या वळणापर्यंत शांतता.

आता गाडीविषयी. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडं जीप म्हणजे डिझेलची, आणि डिझेलची जीप म्हणजे वडाप, वाटेत मिळेल ती शिटं भरणारी, टपावरसुद्धा माणसं. मी घेतली ती पेट्रोलची, एका सरकारी लिलावात. आखूड, उंच, वर ताडपत्रीचं छप्पर. बायकोला सांगितलं, घरच्यांसाठी घेतोय. मागं समोरासमोर दोन बाकं होती. त्यावर बसून, स्प्रिंगच्या पाट्यांच्या प्रत्येक हिसक्याला डोकं छपराच्या नळीवर आपटत ती एकदा माहेरी गेली आणि आल्यावर म्हणाली, ही गाडी घरच्यांसाठी असेल तर मला बाहेरची समजा.

इंजिनाचा आवाज मात्र शिलाई मशीनसारखा मऊ. डिझेलच्या जीपा खोकत चढायच्या, ही गुणगुणत चढायची. आणि पेट्रोल अशी प्यायची की पंपावरचा माणूस मला लांबून ओळखून हसायचा. तिची खरी ताकद पुढच्या चाकांत. गेरच्या दांड्याशेजारी एक छोटा दांडा होता. तो ओढायचा, खाली उतरून पुढच्या चाकांमधल्या चकत्या हातानं फिरवायच्या, मग चारी चाकं जोर लावायची. मी लोकांना हे फार रंगवून सांगायचो. पहिल्याच चिखलात दांडा ओढला आणि चकत्या विसरलो. मागची चाकं खाचरात रुतत गेली आणि पुढची लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यासारखी नुसती उभी. शेवटी बैलांनी गाडी ओढून काढली. बैलवाल्यानं विचारलं, चार चाकांची म्हणता ती हीच का.

अण्णांना या गाडीशिवाय इलाज नव्हता. त्यांची एकुलती लेक तळेघरच्या पलीकडं, डोंगरातल्या एका वाडीत दिलेली. नवरा-बायको भात आणि नाचणी करायचे. तळेघरपर्यंत एसटी जायची, तिच्या मनात आलं तर. पुढं ओढा, दगड आणि खाचरांचे बांध. वडापवाले तिकडं तोंड करत नसत. अण्णांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे गेलेले, डोळे गेलेले. लेकीचं तोंड बघायचं तर माझ्या गाडीत बसणं आलं, आणि चालवणार मी.

एकदा डिंभ्याच्या पुढं, धरणाचं पाणी खाली दिसायला लागल्यावर त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला की मी गाडी थांबवली. म्हटलं, "अण्णा, एवढं भ्या वाटतं तर येता कशाला?"

त्यांनी दांडी सोडली नाही. म्हणाले, "लेक वर हाय."

तर तो दिवस. दिवाळी होऊन गेलेली, भात कापून झालेलं. आम्ही वाडीहून परत निघालो होतो. मागं माझी बायको आणि लेकीनं दिलेलं नव्या तांदळाचं पोतं. घोडेगावात माझं पाइप-मोटारींचं दुकान. तिथं चहाला येणारे वडापवाले सांगायचे की आम्ही घाट बंद गाडीनं उतरतो, थेंब लागत नाही. मला वाटलं, त्यांच्या डिझेलला जमतं तर माझ्या पेट्रोलला का नाही. त्यांच्या जुन्या जीपांचा ब्रेक साधा, पाय दाबेल तेवढा लागणारा, आणि माझ्या गाडीचा ब्रेक इंजिनाच्या ओढीवर हलका होणारा, हा फरक मला कोणी सांगितला नव्हता. मीही विचारला नव्हता. मोटारी विकणाऱ्यानं मोटारीचं विचारायचं म्हणजे काय.

गेर काढला, चावी फिरवली, खिशात टाकली. त्या गाडीला स्टिअरिंगचं कुलूप नव्हतं, म्हणून हे लिहायला मी आहे.

सुरुवातीला काय सुख होतं. आवाज नाही, नुसता वारा. ताडपत्रीची फडफड आणि खाली पाणी. अण्णांनी कान टवकारले. डोळ्यांनी कमी दिसायला लागल्यापासून ते गाडी कानानं बघायचे. विचारलं, "गेरात हाय ना?"

"हाय की," मी म्हणालो.

पहिल्या वळणावर ब्रेक लागला. दुसऱ्या वळणावर जड लागला. तिसऱ्याच्या आधी मी पाय ठेवला तर तो दगडावर ठेवल्यासारखा. दोन्ही पायांनी उभा राहिलो म्हटलं तरी चालेल. गाडीनं फक्त ऐकल्यासारखं केलं. वळण मी कसं घेतलं ते सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटले होते की उघडे ठेवले होते हेच आठवत नाही. मागं पोतं घसरलं आणि बायकोनं माझं नाव घेतलं. लग्नात उखाण्यात घेतल्यानंतर ते पहिल्यांदाच. तेव्हा कुठं प्रकरण हाताबाहेर गेल्याचं मला पटलं.

हॅन्डब्रेक नावाची गोष्ट गाडीत असते, हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं.

अण्णा ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांचा पाय त्या चटईच्या भोकात रुतलेला, ओठ कोरडे, आणि आवाज एवढा बारीक की वाऱ्यात जेमतेम कानावर आला. "क्लच दाब. तिसरा टाक. आता सोड."

गेर दोनदा दात विचकून परत आला. तिसऱ्यांदा बसला. मी क्लच सोडला आणि कोणीतरी मागून शेपूट धरावं तशी गाडी ओढली गेली. चावी खिशातच होती, तरी चाकांनी इंजिन फिरवलं; इंजिन फिरलं तसा ब्रेकला जीव आला. कडेच्या चुना फासलेल्या दगडांना घासून आम्ही थांबलो. दगडांच्या पलीकडं काय होतं ते मी पाहिलं नाही. बायकोनं पाहिलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मी शहाणा. धीर दाखवायला म्हणून खिशाचं बटण काढून चावी लावली आणि फिरवली. बंद गाडीत इंजिनानं ओढलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठलं होतं, ते एकदम पेटलं. सुरुंग उडावा तसा आवाज झाला, समोरच्या कड्यावर आपटून परत आला.

आतापर्यंत दगडासारखे बसलेले अण्णा त्या आवाजाला दार उघडून खाली उतरले आणि रस्त्याच्या मधोमध बसले. दोन्ही मोकळे हात एकमेकांत घट्ट धरले. बायकोनं पाणी दिलं, ते धोतरावर सांडलं. मी म्हटलं, चला अण्णा, आता पहिल्या गेरात नेतो. त्यांनी मान हलवली. गुडघे गेलेला तो माणूस उठला आणि घाट पायी उतरायला लागला.

पुढं छत्री टेकत अण्णा, त्यांच्याबरोबर माझी बायको, आणि मागं पहिल्या गेरात रडत येणारा मी. वळणावळणावर ते दगडावर बसायचे, मी गाडी थांबवायचो. वर जाणाऱ्या एसटीतल्या लोकांना वाटलं असेल, वरात आहे. डिंभ्याला त्यांनी एसटी धरली. बायकोही त्यांच्याबरोबर गेली. तांदूळ तेवढा माझ्याबरोबर आला.

त्यानंतर अण्णा माझ्या गाडीत बसले नाहीत. बोलायचे, चहाला यायचे, पण जीप उभी असेल त्या बाजूनं जायचे नाहीत. हिवाळा गेला. लेकीचे निरोप यायचे, कधी तळेघरच्या बाजारकऱ्यांबरोबर, कधी माझ्या दुकानात. अण्णा कधी येतात? निरोप ऐकून ते ओट्यावर बसून गुडघे चोळायचे. मी वडापवाल्यांना विचारलं, त्यांनी हसून नाही म्हटलं. अण्णा बैलगाडीनं जातो म्हणाले, तर घाटाला बैलगाडी द्यायला कोणी तयार होईना.

होळीनंतर एका सकाळी ते स्वतःच आले. अंगावर धुतलेलं धोतर, हातात वळकटी आणि एक पिशवी. पिशवीत नातवासाठी बेकरीचे बटर. माझ्याकडं न बघता म्हणाले, "सोड बाबा वर."

सगळा घाट मी दुसऱ्याच्या वर गेर नेला नाही. पेट्रोलचा काटा खाली जाताना दिसत होता. त्यांच्या कपाळावर घाम, दांडीवर बोटं पांढरी. चढ असताना गेरशिवाय गाडी एक वीतभर पुढं जाणार नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक, तरी चढावरसुद्धा विचारत होते, गेरात हाय ना. मी प्रत्येक वेळी दांड्यावर त्यांचा हात ठेवून दाखवला. ओढ्याशी मी उतरलो, चकत्या फिरवल्या, आणि पाण्यात गाडी घातली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. ते उघडले लेकीचा आवाज आल्यावर. ती बांधावरून धावत येत होती. अण्णा उतरले, आणि त्यांचे पाय तिच्यासमोर एकदम घट्ट झाले.

न्यायला कधी येऊ, विचारलं. म्हणाले, सांगतो.

पावसाळ्याआधी गेलो, तर भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे राहिले होते. पावसाळ्यात गेलो, तर भाताची आवणी, म्हणजे लावणी, चालू होती. डोळे अधू झालेल्या माणसाला आवणीत काय काम, हे मी विचारलं नाही. पुढं गाय व्यायची होती. मग नाचणी. मग कंबर. माझी पेट्रोलची गुणगुण खालच्या ओढ्यावरूनच त्यांना ओळखू यायची, आणि मी पोचेपर्यंत ते मागच्या खाचराकडं गेलेले असायचे. शिनोलीतल्या घराला कुलूपच राहिलं. वर्षं गेली. मी जीप विकून डिझेलची घेतली. तीत बसून एकदा गेलो, आवाज ओळखला नाही म्हणून अण्णा सापडले, आणि आम्ही ओट्यावर बसून चांगल्या तासभर गप्पा मारल्या.

त्यांच्या दहाव्याला गेलो तेव्हा माणसं पांगल्यावर लेक माझ्यासाठी चहा घेऊन आली. डोळे सुजलेले. मलाही भरून आलं होतं. तिला धीर द्यावा म्हणून मी म्हटलं की अण्णांची शेवटची वर्षं लेकीजवळ गेली, बापलेकींची ती माया, आणि त्यांना वर आणायचं भाग्य माझ्या हातून घडलं.

तिनं कप माझ्यापुढं ठेवला.

"आणलं तुमीच भाऊ, ते कोण नाय म्हणतंय," ती म्हणाली. "पण अण्णा हितं ऱ्हायलं ते तुमच्या भ्यानं."