कमलिनीबाईंसाठी परवानगी

नरहर बोर्डे धर्माचं पुस्तक हातात घेतलं की आधी मजकूर बघत नसे. पहिलं पान उलटायचं, त्याच्या मागची बारीक अक्षरं शोधायची आणि बिशपांचं नाव व 'छापण्यास हरकत नाही' हा शेरा सापडला की मगच चष्मा सारखा करून पुढं जायचं. शेरा नसेल तर पुस्तक मिटून बाजूला ठेवायचं, दोन बोटांनी, मेलेलं पाखरू उचलल्यासारखं.

लीलावतीला पहिली काही वर्षं याची गंमत वाटली.

"अहो, वांगी घेताना पण बघता का, कुणाची सही आहे ते?"

"वांग्यानं आत्मा नासत नाही," तो म्हणायचा, आणि हे तो गंभीरपणेच म्हणायचा.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात नागपूरची राजधानी गेली. फायलींचे गठ्ठे भोपाळला निघाले आणि गठ्ठ्यांमागून कारकून. नागपुरात नरहर आवक-जावकचा जुना माणूस होता. साहेब त्याला नावानं ओळखायचे. इथं ग्वाल्हेरचे बाबू, इंदूरचे बाबू, रीव्याचे बाबू, आणि सगळ्यांच्या ज्येष्ठतेची एक नवी यादी. त्या यादीत तो एकोणसत्तरावा लागला. टी.टी. नगरात दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी तो ओट्यावर बसून समोरचं खोदकाम बघायचा आणि कुणाशी बोलायचा नाही.

रविवारी मात्र तो पहिला होता. मिस्सा, म्हणजे सकाळची उपासना, झाली की चर्चच्या व्हरांड्यात मराठी घरांतली पोरं सतरंजीवर बसायची आणि नरहर मास्तर धर्मशिक्षण द्यायचा. फादर मंगळूरकडचे, म्हातारे. हिंदी जेमतेम, मराठीच्या नावानं शून्य. तेव्हा ख्रिस्तसभेला भोपाळात मराठी बोलायचं असेल, तर ते नरहरच्या तोंडून.

"देवानं स्वतःला कशातून प्रकट केलं?"

"पवित्र शास्त्रातून आणि परंपरेतून," पोरं एका सुरात.

"त्याचा खरा अर्थ सांगायचा अधिकार कुणाला?"

"ख्रिस्तसभेला."

"तुला आहे का गं, वंदना?"

"नाही, मास्तर."

"तुझ्या वडलांना?"

"त्यांना तर मुळीच नाही, मास्तर."

पोरं हसायची. मागं भिंतीला टेकून बसलेली लीलावतीही हसायची.

सत्तावनच्या दिवाळीनंतर तिची आई आली. कमलिनीबाई नगरकडच्या, प्रॉटेस्टंट मिशनच्या बायबलबाई. तीस वर्षं गावोगाव फिरून, झाडाखाली बायका जमवून त्यांना पवित्र शास्त्र वाचून दाखवायचं, ही त्यांची नोकरी. मुलगी लग्नासाठी कॅथलिक झाली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "एकाच घराच्या दोन खोल्या आहेत. त्या खोलीत जातेस, जा. दार आपटू नकोस म्हणजे झालं."

आता मोतीबिंदू बिघडून दोन्ही डोळे गेले होते. पिशवीत दोन लुगडी आणि एक जाडजूड काळं पुस्तक, कडा हातांनी झिजून मऊ झालेल्या.

"लीले, दुपारी एक अध्याय वाचत जा," त्या म्हणाल्या. "बाकी मला काही नको. चहासुद्धा एकदाच."

पाठ असेल की तुला सगळं, लीलावती म्हणाली. होतंही. पण गेल्या वर्षापासून पाठांतर विरायला लागलं होतं. त्या 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' या स्तोत्राला सुरुवात करायच्या, पाण्याच्या काठापर्यंत जायच्या आणि तिथंच थांबायच्या. "पुढं काय गं? रोज तिथंच सुटतं. कुणीतरी धरून दिलं की जाते पुढं."

त्या संध्याकाळी नरहरनं पुस्तक पाहिलं. पान उलटलं. मिटलं.

"हे घरात वाचायचं नाही."

"का हो, जावईबापू? शास्त्र आहे ते. तुमचंही तेच."

"यावर कुठल्या बिशपची परवानगी नाही. आणि आमच्या शास्त्रापेक्षा यात सात पुस्तकं कमी आहेत."

"सात कमी आहेत ना? मग उरलेली तरी वाचू द्या."

लीलावतीला हसू आलं. नरहरनं ते पाहिलं.

"आई, तुम्ही थट्टा करताय. येशूनं पुस्तक लिहून ठेवलं नाही. त्यानं माणसं नेमली. त्या माणसांनी शिकवलं, लिहिलं, आणि कुठलं लिखाण खरं, कुठलं नाही, हे त्यांच्या ख्रिस्तसभेनंच ठरवलं. ख्रिस्तसभा नसती तर तुमच्या हातात हे पुस्तकच नसतं. आणि ज्यांनी ते सांभाळलं त्यांना न विचारता तुम्ही झाडाखाली बसून अर्थ सांगत सुटायचं?"

मुद्दा कमलिनीबाईंना पटला नव्हता, पण कळला होता. तीस वर्षांत त्यांनी असे पुष्कळ मुद्दे ऐकले होते.

"बरोबर बोलता तुम्ही," त्या म्हणाल्या. "सांभाळणाऱ्याला मान द्यावाच. पण जावईबापू, तिजोरीच्या पहारेकऱ्याला कधीकधी वाटायला लागतं बरं का, की आतला माल आपलाच."

शेजारच्या मनोरमाबाई जोशी उंबऱ्यात उभ्या होत्या, विरजण मागायला आलेल्या. त्या मोठ्यानं हसल्या. "अहो बोर्डे, मी वाचून दाखवते म्हातारीला. मला थोडंच तुमचं पाप लागतंय? आमची खातीच वेगळी."

विरजण घेऊन मनोरमाबाई गेल्यावर नरहरनं पुस्तक पेटीत टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली, क्रुसाच्या शेजारी.

"अहो, असं काय करता?" लीलावती म्हणाली. "निदान वर विचारा तरी. फादरांना विचारा."

हे त्याला पटलं. वर विचारणं त्याला नेहमीच पटायचं. त्यानं ताव घेतला, समास दुमडला आणि कचेरीच्या इंग्रजीत अर्ज लिहिला: विषय, संदर्भ, वस्तुस्थिती, विनंती. फादर बिशपसाहेबांना विचारून लेखी कळवतील, असं ठरलं. "उत्तर येईपर्यंत वाचायचं नाही," नरहर म्हणाला. "एक ओळसुद्धा नाही. पाठ असलेलीही सांगायची नाहीस. तू कॅथलिक आहेस. पाप तुझ्या माथी येईल, आणि ते तुझ्या आईमुळे येईल. चालेल तिला?"

लीलावतीनं मानलं. भीतीनं नाही, तिचा विश्वास होता. ख्रिस्तसभा आई आहे, हे ती मनापासून मानत होती, आणि आई नाही म्हणणार नाही असं तिला वाटत होतं.

नाताळ गेला. कमलिनीबाई रोज दुपारी खाटेवर बसून स्तोत्राला सुरुवात करायच्या, काठाशी येऊन थांबायच्या.

"पुढं काय गं, लीले?"

"पत्र येऊ दे ना, आई."

"तुमच्या पोपमहाशयांचं टपाल बैलगाडीनं येतं का?"

लीलावती नवऱ्याला विचारायची. सकाळी डबा देताना, संध्याकाळी सायकल आत घेताना. "आलं का हो उत्तर?"

"आलं तर सांगणार नाही का?"

संक्रांत झाली. जानेवारी सरला. कमलिनीबाईंना खोकला लागला, मग ताप. आता त्या काठापर्यंतही पोचेनात. पहिल्या ओळीतच दुसरं काहीतरी मिसळायचं, रस्त्यावरच्या भाजीवाल्याचं 'ले लो, हरी मेथी' सुद्धा. मग स्वतःच चिडायच्या. "हे काय बोलते मी? बायका हसतील मला."

"इथं कुठल्या बायका, आई?"

"समोर बसल्यात त्या."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, बुधवारी, दुपारी दोनच्या सुमाराला त्यांना अचानक स्वच्छ आठवलं. त्यांनी सुरुवात केली, एकेक ओळ नीट म्हटली, पाण्याच्या काठाशी आल्या. थांबल्या. हात पुढं केला, हवेत, कुणीतरी धरावा असा.

"लीले. पुढचं सांग. एकच ओळ."

लीलावतीला ती ओळ येत होती. लहानपणी याच बाईनं मांडीवर घेऊन शिकवली होती. ओळ जिभेवर आली. तिनं स्टोव्हवरचं पातेलं उतरवलं, हात पुसले, जवळ गेली.

"यांनी सांगितलंय ना, आई. पत्र येईल एवढ्यात. मग सगळं वाचते, पहिल्या पानापासून."

"बरं," कमलिनीबाई म्हणाल्या. "बरं बाई." आणि भिंतीकडं तोंड केलं.

चार वाजता लीलावती चहा घेऊन गेली तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

मनोरमाबाईंनी कचेरीत निरोप धाडला. नरहर आला, टोपी काढली, क्रुसाची खूण केली आणि कामाला लागला. असल्या वेळी तो चोख असायचा. पुरायचं प्रॉटेस्टंटांच्या दफनभूमीत; तिथले पाळक त्या प्रॉटेस्टंट मंडळीच्या सभासद असल्याचा दाखला मागतील. "माझ्या कपाटात 'संकीर्ण' नावाची फाईल आहे, त्यात लावलाय मी. काढून ठेव. मी शवपेटीचं बघून येतो," म्हणत तो सायकलवर बसला.

लीलावतीनं फाईल काढली. दाखला सापडला. त्याच्याखाली फादरांच्या अक्षरातलं पत्र होतं. वर कोपऱ्यात नरहरनं लाल शाईनं आवक क्रमांक घातला होता आणि तारीख: नऊ जानेवारी.

इंग्रजी तिला बेताचं यायचं. पण पत्र साधं होतं. बिशपसाहेबांशी बोलणं झालं. सासूबाई आपल्या कळपातल्या नाहीत, नियम त्यांना लागू नाही. आंधळ्या म्हातारीला तिचं शास्त्र वाचून दाखवणं हे प्रेमाचं काम आहे. तुमच्या पत्नीनं ते खुशाल करावं, याच पत्राला परवानगी समजावी. शेवटी एक ओळ जास्तीची होती: मास्तर, नियम काठीसारखा वापरायचा नसतो, हे तुम्हाला मी सांगायला लागू नये.

ती पत्र घेऊन आईच्या पायाशी बसली. नरहर पेटीवाल्याला घेऊन परतला तेव्हाही तशीच बसली होती. पेटीवाला बाहेर माप लिहीत होता.

"हे कधी आलं?"

त्यानं पत्र ओळखलं. खोटं बोलला नाही. कागद समोर असताना तो खोटं बोलूच शकत नसे. म्हणून तर फाडलंही नव्हतं.

"जानेवारीत."

"दोन महिने."

"मी विचार करत होतो. कसं सांगावं याचा. आधी इतकं ठामपणे नाही म्हटलेलं, मग लगेच हो म्हणायचं... म्हातारी चार बायकांत हसली असती मला. मनोरमाबाई हसल्या असत्या. तू हसली असतीस."

"हो. हसले असते," लीलावती म्हणाली. "आणि मग वाचलं असतं."

"ईस्टरला सांगणार होतो."

पेटीवाल्यानं आत डोकावून विचारलं, "बाबूजी, लंबाई पाँच फुट रख दूँ?"

"पाच पुरे," नरहर म्हणाला.

दफन झाल्यावर आठ दिवसांनी ती एकटी फादरांकडं गेली आणि मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. फादरांनी डोळे मिटून ऐकलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. "मी बोलतो त्याच्याशी," ते म्हणाले.

"रविवारचा वर्ग काढून घ्या त्यांच्याकडून."

फादर बराच वेळ बोटातली जपमाळ फिरवत राहिले. "बेटी, तो शिकवतो त्यात चूक नाही. एक शब्द चुकीचा शिकवत नाही तो. आणि मराठी बोलणारा दुसरा माणूस मला कुठं आहे?"

"मी आहे."

फादर हसले, प्रेमानं, मुलीच्या बोलण्याला हसावं तसं.

शनिवारी नरहर कन्फेशनला, फादरांपुढं पाप कबूल करायला, गेला. परत आला तो शीळ घालत. सायकल लावताना तिला ऐकू आलं. गेल्या कित्येक दिवसांत त्याचा चेहरा इतका मोकळा नव्हता. तो स्वयंपाकघरात आला आणि पाटावर बसला.

"सुटलो, लीला. सगळं सांगितलं. फादर रागावले, पण सोडलं त्यांनी. प्रायश्चित्त म्हणून दहा वेळा 'नमो मरिया' म्हणायचं, आणि आईंसाठी एक मिस्सा सांगायची. सांगूनही आलो."

"कुणी माफ केलं म्हणालात?"

"देवानं. फादरांच्या मार्फत."

"आणि आईनं?"

"ती आता कशी करणार?"

"तेच म्हणते मी."

नरहरला हे बोलणं वळणाचं वाटलं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, रविवारी पोरांशी बोलायचा तसाच, "हे बघ. ज्यांना सोडवायचा अधिकार आहे त्यांनी सोडवलं. आता तू धरून ठेवायला तुला वेगळा अधिकार नाही."

"नाही खरा," लीलावती म्हणाली. ती बत्तीस वर्षांची होती. "पण माझ्यापाशी वेळ आहे."

तो हसला, तिनं थट्टा केली असं त्याला वाटलं. तिनं चहा गाळला. लग्नापासून दोघं संध्याकाळचा चहा समोरासमोर बसून घ्यायची. तिनं एकच कप त्याच्यापुढं ठेवला आणि धुणं काढायला अंगणात गेली. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही. नरहर बोर्डे त्यानंतर सत्तावीस वर्षं जगला, रविवारचा वर्ग शेवटपर्यंत त्याच्याकडंच राहिला, आणि घरातला चहा त्यानं रोज एकट्यानं घेतला.