वाचता न येणाऱ्या तुळसाबाबांनी पकडलेली माझी चोरी

मला नीट वाचायला ज्यांनी शिकवलं, त्यांना स्वतःला एक अक्षर येत नव्हतं.

आज माघातली एकादशी. तुळसाबाबा याच तिथीला गेले.

पंचावन्न सालाच्या आसपासची गोष्ट. मी चौथीत. आमच्या सिंदी गावचं वाचनालय म्हणजे एकच खोली.

तरणी मंडळी कादंबऱ्यांसाठी भांडायची. आम्ही पोरं चित्रांच्या पुस्तकांसाठी.

म्हातारे मात्र चपला बाहेर काढून, उंबरठ्याला हात लावून आत यायचे. देवळात यावं तसे.

त्यातल्या कितीकांना वाचता येत नसे.

म्हणून वाचनालयाच्या गुरुजींचा नियम होता. लहान मुलं मेंबर नाहीत. पण एका म्हाताऱ्याला पूर्ण पेपर वाचून दाखवा, एक पुस्तक घरी न्या.

माझ्या वाट्याला तुळसाबाबा. भाजीवाले शेतकरी. हाताला कायम मेथीचा वास.

एक दिवस परीच्या गोष्टींचं नवं पुस्तक आलं. एकच कॉपी! जी आधी पेपर संपवेल, तिला ते मिळणार. समोर माझ्या वर्गातली सुशी तिच्या आजोबांना भराभर वाचून दाखवत होती.

मग मीही हेडिंग वाचलं, दोन ओळी वाचल्या, की पुढच्या बातमीवर उडी. यांना काय कळतंय!

बाबांनी हळूच माझं बोट धरलं.

"पोरी, मंधातलं काऊन सोडलं?"

"नाही सोडलं, बाबा."

"मले वाचता येत नाई. पन तुयं बोट तं दिसते नं! असं वावर पेरशीन तं पीक येईन का?"

म्हणजे रोज ते माझा आवाज ऐकत होते, आणि एकेका ओळीवरून फिरणारं माझं बोटही बघत होते.

तेवढ्यात गुरुजी आले. रोजचा प्रश्न.

"काय बाबा, पूर्ण वाचलं का पोरीनं?"

नाही म्हटलं असतं, तर माझं पुस्तक कायमचं बंद. नियमच होता तसा.

बाबा पेपरची घडी घालत म्हणाले,

"वाचलं जी. मलेच आज थोडं कमी आयकू आलं."

पुस्तक मिळालं. घरी नेलं, पण उघडवेना.

दुसऱ्या दिवशी मी आधी कालचा पेपर मागितला. सोडलेलं सगळं वाचून दाखवलं. बाबा डोळे मिटून, हात जोडून ऐकत होते. पोथी ऐकावी तसे.

पुढे मॅट्रिक झाले, संसार झाला. पण एवढ्या श्रद्धेनं ऐकणारा माणूस पुन्हा कीर्तनातही दिसला नाही.

अजूनही ओळीवर बोट ठेवूनच वाचते. नातवंडं हसतात. हसू देत.

बाबा, आजचा पेपर पूर्ण वाचला. मोठ्यानं.

मधलं काही सोडलं नाही.

तुमच्या पायांवर डोकं ठेवते.