खिंडीतला पाळणा

उल्कान म्हणजे जिभेची फटकळ बाई. नवरा लवकर गेला, तेव्हापासून एर्निसला आणि याकांच्या कळपाला तिनं एकटीनं सांभाळलं. तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. पण दर उन्हाळ्यात वरच्या कुरणाकडं जाताना कारा-तोर खिंड दिसली, की हिचा देवाचा धावा सुरू झालाच म्हणून समजा. इतकी वर्षं झाली, पण सवय काही झाली नाही. भीतीची कसली सवय होते, सांगा!

यंदा तर तान्हा नातू बरोबर होता. त्याला पाळण्यात पट्ट्यांनी बांधून पाळणा गरीब स्वभावाच्या म्हाताऱ्या याकावर लादला होता.

"एर्निस, बर्फाचा उतार लागला की बाळाला मी छातीशी घेते."

"आई, तुझं आपलं दरवर्षी नवीन! मीही याच पाळण्यातून गेलो ना? मेलो का?"

"तोंड सांभाळ, मेल्या!"

सून सादत हसली. "आणि पाळणा काय रिकामा न्यायचा, आई?"

उल्काननं बाळाला पाळण्यातच राहू दिलं. रिकामा पाळणा हलवला तर त्यात पुन्हा मूल खेळत नाही, असं आमच्या म्हाताऱ्या मानतात, आणि उल्कान त्यांच्यातलीच.

खिंडीखाली चहाला थांबले. ती दोघं ओझी आवळण्यात गुंतलेली पाहून तिनं झोपलेलं बाळ हळूच काढलं आणि मेंढीच्या कातड्याच्या कोटाच्या आत बांधून घेतलं. पाळण्यात सुक्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी बांधली, वरून पांघरूण ओढलं. आता सांगावं तर हसतील. पलीकडं गेल्यावर सांगू.

उतारावर धुकं दाटलं. म्हातारा याक थांबला, बर्फ हुंगू लागला, पुढं जाईना. एर्निसनं त्याला काठीनं ढोसलं. त्याच्या मागच्या पायांखालचा बर्फ खचला आणि एवढं मोठं जनावर गडगडत धुक्यात गेलं. दोर तुटून पाळणा घसरला, कड्याच्या तोंडाशी दगडाला अडकला. उल्कानचं तोंड उघडायच्या आत सादतनं स्वतःला खाली झोकून दिलं.

कड्याला लोंबकळत एका हातानं तिनं दगड धरला, दुसऱ्यानं पाळणा. एर्निसनं टाकलेला दोर तिच्या तोंडापुढं लोंबत होता, पण धरायला हात कुठला?

"पाळणा सोड, सादत! बाळ माझ्याकडं आहे गं!" उल्कान किंचाळली.

"खोटं! मी सुटावं म्हणून सांगताय!"

"देवाशपथ गं! माझ्या कोटात आहे!"

"नाही सोडणार!"

दगड हलू लागला. धुक्यात खालून काही दिसणं शक्य नव्हतं, आणि ते पोर उबेत गाढ झोपलेलं. उल्काननं कोटात हात घातला आणि नातवाच्या मांडीला जीव खाऊन चिमटा काढला.

बाळानं टाहो फोडला. सादतनं मान वर केली आणि तिची बोटं पाळण्यावरून सुटली. पाळणा खाली गेला; आपटल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

दोर धरून वर येताच तिनं बाळ हिसकावून घेतलं आणि बर्फातच बसून त्याला पाजायला घेतलं. तिचे दात वाजत होते.

"चुकलं गं माझं," उल्कान म्हणाली.

"तुम्ही काढलं नसतं तर बाळ गेलं असतं. आणि सांगितलं असतं तर मी उडी टाकली नसती. आता तुमच्या गळ्यात पडू, की इथूनच ढकलून देऊ तुम्हाला? तुम्हीच सांगा!"

उल्काननं कोट काढून सुनेच्या खांद्यावर घातला आणि सून तो झटकून टाकते की काय, या धास्तीनं तिथंच उभी राहिली.