कपाळावरचा कॅमेरा

मास्तरांच्या अंगाला कायम तरणतलावाच्या औषधाचा वास यायचा. साबण घासा, अत्तर फासा, वास काही हटायचा नाही. बायको म्हणायची, "तुम्ही जिन्यात असतानाच मला कळतं. बेल कशाला वाजवता उगाच?"

सकाळी तलावाचं दार उघडायचं, जाळीनं पानं-किडे काढायचे, काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकायचे आणि ते कितपत पिवळं होतंय ते बघून औषध सोडायचं. मग शिट्टी गळ्यात अडकवून दिवसभर ओरडा. "डोकं खाली! अरे पाय मार, पाय! चालायला आलायस का पोहायला?" गावातल्या निम्म्या लोकांना मास्तरांनी स्वतःच्या हातानं पाण्यात ढकललं होतं आणि त्यातला एकही बुडाला नव्हता. पाण्याची गोष्ट निघाली की माणसं मास्तरांकडे वळायची. सासरी तर विचारूच नका. पाण्याची टाकी गळली तरी सासूबाई ह्या थोरल्या जावयालाच बोलवायच्या, जणू सगळ्या पाण्याशी त्यांचा घरोबाच होता.

मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि साडू आला. विमा कचेरीत खुर्चीवर बसणारा, गोल पोटाचा, गोल चेहऱ्याचा, सदा हसरा. मास्तरांनी मनातल्या मनात त्याचं नाव टरबूज ठेवून टाकलं. ह्या टरबुजाला पोहायला त्यांनीच शिकवलं. पहिल्या आठवड्यात तो काठाचा पाइप धरून "दादा, सोडू नका हो! दादा, तुमच्या पाया पडतो!" असं गयावया करायचा, आणि पोहायला आलेली पोरंटोरं फिदीफिदी हसायची. तोवर मास्तरांचं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं.

वाकडं झालं ते टरबुजानं घेतलेल्या कॅमेऱ्यावरून.

कॅमेरा केवढा, तर साबणाच्या वडीएवढा. त्याला पाणी न शिरणारी पारदर्शक डबी. ती पट्ट्यानं कपाळाला बांधायची आणि उड्या मारायच्या, डोंगर चढायचा, नाहीतर बुडी घ्यायची. गावाबाहेर दगडाची जुनी खाण होती, पाण्यानं भरलेली. तळाशी एक बुडालेला ट्रक होता. सुट्टीच्या सकाळी टरबूज तिकडे जायचा आणि सासूबाई मास्तरांना सोबत धाडायच्या. "त्यांना एकट्याला नका हो सोडू, जावईबापू. तुम्ही असलात की माझ्या जिवाला घोर नाही."

म्हणजे पुढे कोण, तर मास्तर. एका दमात ट्रकपर्यंत जाऊन स्टिअरिंगला हात लावून येणार कोण, तर मास्तर. आणि संध्याकाळी सासूबाईंच्या टीव्हीला वायर जोडून वाहवा कुणाची? टरबुजाची!

पहिल्यांदा फिल्म लागली तेव्हा मास्तर सगळ्यांत पुढे बसले होते. पडद्यावर परातीएवढा चेहरा आला. "नमस्कार मंडळी! आज आपण आलो आहोत..." मास्तर ताडकन उठले. "नळ ठिबकतोय वाटतं," म्हणत ते स्वयंपाकघरात गेले. त्यानंतर टीव्हीला वायर लागली की मास्तरांना हटकून काहीतरी काम निघायचं. बाहेरून आवाज यायचे, "आई गं, केवढं खोल ते!" "वा, काय काढलंय हो!" आणि आत मास्तर पान्हा घेऊन नळ आवळायचे. ते नळ त्यांनी इतके आवळले, की सोमवारी ते उघडायला सासूबाईंना शेजाऱ्याला हाक मारावी लागायची.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण बायको. भांडी आवरून झाली की ती खिडकीपाशी फोन घेऊन बसायची. साडू तिच्या फोनवर फिल्म पाठवायचा. मान खाली, ओठाच्या कोपऱ्यात हसू. ते हसू मास्तरांच्या ओळखीचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी घरात ते रोज असायचं. मग कुठे गेलं कोण जाणे. आता आलं होतं, तेही टरबुजापायी!

"काय बघतेस एवढं?"

"धाकट्यांनी पाठवलंय. खाणीतलं. बघता?"

"मला ती खाण पाठ आहे," म्हणून मास्तर भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि डोळे सताड उघडे ठेवून भिंत बघायचे.

एका सुट्टीच्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "तेच पुन्हा लाव गं, ते ट्रकचं." मेहुणीनं लावायला घेतलं आणि मास्तरांचा बांध फुटला.

"त्यात काय एवढं? कपाळाला डबी बांधायची नि पाण्यात पडायचं. माझ्या तलावावर फळी धरून पाय मारणारं पोरगंसुद्धा काढेल असलं!"

मेहुणीचा हात वायरवरच थांबला. टरबूज मात्र खुलला. "खरंच दादा! पुढच्या खेपेला तुम्हीच बांधा. तुम्ही ट्रकच्या पार आत जाता, मी कुठला जातोय!"

बायकोनं मास्तरांकडे बघितलं. फोनकडे बघायची तसं नव्हे, दूध उतू जातंय का ते बघतात तसं.

"बघाच तुम्ही," मास्तर तिला म्हणाले. "पुढच्या रविवारी बघा फिल्म कशाला म्हणतात ते."

पुढच्या रविवारी खाणीच्या काठावर टरबुजानं डबीचं रबर पुसलं, फुंकर मारली, खटका लावला. "एक केस जरी अडकला ना दादा, पाणी शिरलंच म्हणून समजा. आणि एवढंच लक्षात ठेवा, मान जिकडे वळेल तिकडचंच हा काढतो."

"आता तू मला पाण्यातलं शिकव."

"छे हो! मी कोण शिकवणार तुम्हाला?"

मास्तरांनी उंच कडा निवडला. सूर असा मारला की पाण्याला कळलंसुद्धा नाही. खाली गेले, ट्रकच्या दरवाज्यातून आत शिरले, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून क्षणभर ड्रायव्हरसारखे बसले. कानात ठणका, छातीत ढोल, आणि डोळ्यांपुढे सासूबाईंचा टीव्ही नि त्यासमोर बायको. वर आले की पहिली नजर काठावर. टरबुजानं बघितलं ना? जळला ना? टरबूज पोटाला टॉवेल गुंडाळून टाळ्या वाजवत होता. हा जळत का नाही? मास्तर पुन्हा खाली. पुन्हा वर. पुन्हा नजर काठावर. असा अख्खा दिवस गेला.

संध्याकाळी वायर मास्तरांनी स्वतः जोडली. "या, बसा सगळे. मेहुणीबाई, तो दिवा घालवा."

सुरुवातीला टरबुजाची नाकपुडी आली, पट्टा बांधताना काढलेली. मग आभाळ, खडक आणि सूर. आता बघा, म्हणून मास्तर सावरून बसले. पडद्यावर हिरवं पाणी आलं. मग एक हात आला, गेला. दुसरा हात आला, गेला. बाकी नुसतं हिरवं. जन्मभर "डोकं खाली" सांगणाऱ्या माणसाचं डोकं खालीच असणार. स्टिअरिंगची एक कड चमकली, बुडबुडे उठले, अंधार झाला. मग पाणी फुटलं, काचेवरचे थेंब ओघळले आणि स्वच्छ, लख्ख, रंगीत असं काय दिसलं? टरबूज, टाळ्या वाजवणारा.

पुन्हा हिरवं. पुन्हा टरबूज. केळं खाणारा टरबूज. बनियन पिळणारा टरबूज. शेवाळावर घसरून बदकन बसलेला आणि स्वतःच हसत सुटलेला टरबूज. नाक चिमटीत धरून पाण्यात उतरणारा टरबूज. आणि ह्या सगळ्यामागे बैलासारखा कुणाचातरी श्वास. मधेच तो श्वास बोलला, अगदी स्पष्ट बोलला, "कुठे तडमडला हा टरबूज?"

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"टरबूज म्हणजे मी का?" साडू म्हणाला, आणि पोट धरून असा हसला की खुर्ची कुरकुरली. मेहुणीही हसली. "आई, शोभतं गं ह्यांना!"

सासूबाईंना मात्र उलगडा होईना. "पण जावईबापू, ह्यात तुम्ही कुठे आहात? तुम्ही दिवसभर ह्यांच्याचकडे बघत होतात होय?"

साडूनं डोळे पुसले. ते हसून आलेलं पाणी होतं, पण सगळंच नसावं. "दादा, खरं सांगू? माझं एवढं कुणी काढलंच नव्हतं आजवर. मी कायम कॅमेऱ्याच्या मागे."

मास्तर उठून नळाकडे गेले. पण नळ आणखी आवळायला जागाच नव्हती.

घरी आल्यावर ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. "आण तो फोन. दाखव त्याचं काय असतं ते."

बायकोनं लावलं. परातीएवढा चेहरा, नमस्कार मंडळी. "हे पुढे ढकल," मास्तर म्हणाले. तिनं बोट फिरवलं आणि खडकाच्या टोकावर एक माणूस उभा दिसला. पाठमोरा. खांदे रुंद, मानेवर पांढरे होत आलेले केस. तो वाकला आणि पाण्यात गेला, सुरी जावी तसा. मग त्याचे पाय, एकमेकांना जोडलेले, खाली खाली जाणारे. लाल चड्डीचा रंग खोल पाण्यात विटून तपकिरी झाला. चित्र हलत होतं, काढणाऱ्याचा दम संपत आला होता, तरी तो माणूस चित्राच्या मधोमधच राहिला. अगदी ट्रकच्या दारापर्यंत.

"हा कोण?" मास्तरांनी विचारलं. आणि चड्डी ओळखली.

"अहो, असं काय करता? सगळ्यांत तुम्हीच तर असता. धाकटे दुसरं काढणार काय, दगड?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"मला काय ठाऊक तुम्ही बघितलंच नाही! तुम्ही लाजून आत पळता असं आई म्हणायची. आम्ही सगळ्या हसायचो."

इतके दिवस तो गोल माणूस मागून दम कोंडून येत होता आणि त्याची नजर मास्तरांच्या पाठीवरून हटली नव्हती. हे असं काढायला हवं होतं, हे मास्तरांना कळत होतं. आपल्याला जन्मात जमणार नाही, हेही कळत होतं.

त्यांनी बायकोकडे बघितलं. मान खाली, ओठाच्या कोपऱ्यात हसू. तिनं फिल्म मागे नेली. तो माणूस पुन्हा खडकावर उभा राहिला. मास्तर खाकरले. इथे, हातभर अंतरावर, अख्खे उभे होते ते.

"अहो," फोनवरची नजर न हलवता ती म्हणाली, "तो ओला टॉवेल खुर्चीवरून उचला आधी. सांगून सांगून जीभ झिजली माझी."

मास्तरांनी टॉवेल उचलला. दोरीवर टाकायला जाताना त्यांनी दारातून मागे वळून बघितलं. फोनमधला तो माणूस पुन्हा सूर मारत होता आणि ती पुन्हा हसत होती. त्या बेट्याला टॉवेल उचलायला कुणी सांगत नव्हतं.