न सांगणारी रेक्टर

शरयू बोकारेला त्या गावातल्या मराठी मंडळींनी वाळीत टाकलं ते १९८४ च्या दिवाळीत, पण तिच्यावर त्यांचा दात होता तो फार आधीपासून. ओहायोतल्या त्या कॉलेजगावात आपली मुलं होती मूठभर. कुणी केमिकल, कुणी मेकॅनिकल, सगळी पीएचडीच्या मागे लागलेली. त्यांच्यात ही यवतमाळची, मानसशास्त्र शिकलेली पोरगी आली आणि म्हणाली, कॉलेजच्या पोरापोरींची वर्गाबाहेर देखभाल कशी करायची त्याचं मास्टर्स करायला मी आले आहे. हॉस्टेलं चालवणं, शिस्त, घरच्या आठवणीनं रडणारे, पिऊन जिन्यात पडणारे, नापास होऊन तोंड लपवणारे, हे सगळं त्यात आलं.

पहिल्याच पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, विक्रम सबनीसनं पापड मोडत विचारलं, "म्हणजे रेक्टर व्हायला मास्टर्स? यार, आमच्या पुण्यात त्या कामाला कुणाची तरी विधवा आत्या पुरते."

सगळे खो खो हसले. अशा वेळी आपणही हसायचं असतं. शरयू हसली नाही. "पुरते, कारण तिला फुकट राबवता," ती म्हणाली आणि ताट घेऊन खिडकीपाशी जाऊन बसली. विक्रम पहिल्या वर्षाच्या मुलांच्या केमिस्ट्री लॅब घ्यायचा, त्यामुळे तो स्वतःला निम्मा प्रोफेसर समजत असे. निम्म्या प्रोफेसराला उलट बोललेलं खपत नाही. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं रेक्टरबाई.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं नागपूरच्या मुलींच्या हॉस्टेलात. तिच्या खोलीतली रेखा एकदा कुणाला न सांगता दुपारच्या खेळाला सिनेमाला गेली. खऱ्या रेक्टरबाईंनी कर्तव्य म्हणून तिच्या वडिलांना ट्रंककॉल लावला. वडील एसटीनं आले, मुलीला घेऊन गेले आणि उन्हाळ्यात तिचं लग्न लावून मोकळे झाले. रेखाची पुस्तकं टर्म संपेपर्यंत शरयूच्या फळीवर तशीच पडून होती. शरयूला त्या बाईचा जो संताप आला तो पुढे कधी ओसरला नाही. दुसऱ्या कुणी हॉस्टेल सोडलं असतं. हिनं ठरवलं, आपणच रेक्टर व्हायचं आणि कुणाच्या बापाला काही सांगायचं नाही.

आता बापांचं. व्हिसासाठी अमेरिकेतल्या कुणीतरी हमी द्यावी लागे. ती दिली ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या जगन्नाथ घाट्यांनी. तिचे वडील एकनाथराव आणि जगन्नाथकाका यवतमाळला एका बाकावर शिकलेले. काका तेलकंपनीत मोठे इंजिनियर होते. त्यांनी सही केली, पहिल्या हिवाळ्यात तिला घरी बोलावून घेतलं, मीनाक्षीकाकूंनी तिला जाडजूड कोट घेऊन दिला आणि पुरणपोळ्या खाऊ घातल्या. उपकार खरे होते आणि शरयू ते नाकारत नव्हती.

पण तिचं शिक्षण चालायचं ते युनिव्हर्सिटीच्या जिवावर. मुलींचं एक अख्खं हॉस्टेल सांभाळायचं, त्या बदल्यात खोली, जेवण आणि फी माफ. ते काम गेलं की शिक्षण गेलं, आणि मग यवतमाळ. तिथे सिमेंटची एजन्सी असलेला एक मुलगा 'थांबायला तयार' होता, असं आई फोनवर दर वेळी सांगायची.

आणि त्याच हॉस्टेलात त्या वर्षी काकांची मुलगी सीमा आली, केमिकल इंजिनियरिंगला. हा योगायोग नव्हता. टेक्सासात कॉलेजं काही ओस पडली नव्हती, पण काकांनीच हे ठरवलं. "शरयू आहे ना तिथे, घरचंच माणूस," असं ते शुगर लँडमध्ये सगळ्यांना सांगत होते.

रविवारी सकाळी, कॉलचे दर उतरलेले असताना, त्यांचा फोन यायचा.

"काय म्हणते आमची सीमा?"

"बरी आहे, काका. तिच्याशीच बोला ना."

"ती काय बोलणार? फाइन, ओके, बाय. मी तुला विचारतोय. क्लासला जाते का? कुणाबरोबर फिरते?"

"काका, ते मला सांगता येत नाही. इथला नियम आहे. तिच्या परवानगीशिवाय—"

"मला नियम शिकवू नकोस. वीस वर्षं आहे मी या देशात. तुझ्या कागदावर सही करताना मी नियम विचारले होते का?"

दुसऱ्या खोलीतल्या फोनवर कुणीतरी श्वास घेत असायचं. त्या काकू. त्या कधी बोलत नसत.

बरं, जिच्यासाठी ही बोलणी खायची तिला तरी कदर असावी? ती तर हिला बापाची हेर समजायची. जन्म ह्यूस्टनचा, मराठी कळायचं पण ओठांवर येऊ द्यायची नाही. जिन्यात गाठ पडली की म्हणायची, "आर यू गोइंग टू रिपोर्ट धिस टू?" टर्मच्या मध्यावर हॉस्टेलच्या ऑफिसात नापास होऊ घातलेल्यांची नावं आली, त्यात सीमा होती. केमिस्ट्रीत तर पार गाळात. शरयू तिच्या दारावर जाऊन म्हणाली, "बोलायचं असेल तर मी आहे." आतून आवाज आला, "गो अवे." शरयूला वाटलं, दार उघडून या कार्टीच्या एक कानाखाली द्यावी. ती मुकाट्यानं खाली आली, कारण कानाखाली देणं कोर्समध्ये नव्हतं.

तिसरी आघाडी वर्गातली. डॉक्टर हॉफमन बाई विद्यार्थी विभागाच्या डीन, शिवाय शरयूच्या प्रोफेसर. त्या मुलांशी झालेल्या बोलण्याच्या टेप, अर्थात त्या मुलांच्या संमतीनं, वर्गात वाजवून घेत. शरयूच्या टेपवर एक मुलगी हमसून रडत होती आणि शरयू तिला म्हणत होती, "तू आधी जेवून घे बरं." बाईंनी तिथेच टेप थांबवली.

"तिनं जेवण मागितलं होतं?" बाईंनी विचारलं. "इथे ऐकायचं असतं. सल्ले द्यायचे नसतात." मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमचे लोक एकमेकांना फार चिकटून असतात. तुझ्या पोटात गुपित राहील का, याची मला शंका वाटते."

शरयूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शुगर लँडवाले हिला बोलत नाही म्हणून शिव्या घालत होते आणि ही बाई म्हणत होती, ही बोलेल.

ऑक्टोबरात एका बुधवारी काका स्वतःच विमानानं आले. हॉस्टेलच्या दारातून आत शिरले आणि थेट जिन्याकडे निघाले. शरयू जिन्याच्या पहिल्या पायरीवर आडवी उभी राहिली.

"वर पाहुण्यांना एकटं जाता येत नाही, काका. मी तिला निरोप देते. ती खाली आली तर—"

"आली तर? माझी मुलगी आहे ती! बाजूला हो."

"नाही होणार."

काकांनी हिला ओलांडून जाण्यापुरता पाय उचलला आणि परत ठेवला. लोक बघत होते. ते सोफ्यावर बसले, कोट मांडीवर घेऊन. नेमक्या त्या वेळी सीमा बाहेरून आली. तिनं बाप बघितला, बापासमोर उभी शरयू बघितली, आणि तिचा हिशेब झाला. बाप इतक्या लांबून उगाच येत नाही, त्याला कुणीतरी कळवलं, आणि कळवणारी ही समोर उभी आहे.

"यू टोल्ड हिम," ती शरयूला म्हणाली. बापाशी एक अक्षर न बोलता ती तशीच उलट्या पावली निघाली, ती थेट डीनच्या ऑफिसात तक्रार करायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉफमनबाईंच्या ऑफिसात शरयू आरोपीसारखी बसली. समोर सीमा. आरोप खरा ठरला तर काम त्याच दिवशी जाणार, हे बाईंनी आधीच सांगून टाकलं. या कामात सल्ले द्यायचे नसतात आणि बातम्याही, हे त्यांनी सीमासमोर पुन्हा ऐकवलं. "मी म्हटलंच होतं," हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, चेहऱ्यानं म्हटलं. शरयूनं सांगितलं, मी काही कळवलेलं नाही. पण न सांगितल्याचा पुरावा कुठून आणायचा? तिला रेखाची ती फळी आठवली. आयुष्यात एक गोष्ट करायची नाही म्हणून ती इथवर आली होती, आणि नेमकं त्याच गोष्टीसाठी तिला हाकलून देणार होते. संतापानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रडणं समजलं जाईल म्हणून ती आणखी संतापली.

तेवढ्यात दारावर थाप पडली आणि काका आत आले. बोलावणं नव्हतं, पण काकांना कुठेही बोलावणं लागत नसे. बाईंना त्यांनी छान इंग्रजीत सांगितलं, या मुलीच्या वागणुकीची मला तक्रार करायची आहे. मग शरयूकडे वळले आणि भाषा बदलली. घरचं भांडण साहेबाच्या भाषेत करण्यातले ते नव्हते.

"लाज वाटते का तुला? आठ आठवडे, दर रविवारी फोन करतोय मी. एक शब्द सांगितला नाहीस! त्या विक्रमनं सांगितलं, कोण कुठला परका पोरगा, की सीमा लॅबला येत नाही, नापास होणार आहे. मराठी मंडळाच्या यादीतून नंबर काढून त्यानं दसऱ्याच्या शुभेच्छा द्यायला फोन केला म्हणून कळलं. आणि तू एका छताखाली राहून तोंडाला कुलूप! खाल्ल्या घरचे वासे मोजणारी निघालीस. सीमाचं एक वेळ समजू शकतो, ती इथं जन्मली. तू तर आपली होतीस."



"काय म्हणाले ते?" बाईंनी विचारलं. शरयूकडे बघून चालणार नव्हतं, ती आरोपी. काकांनी तोंड फिरवलं. मग बाईंनी सीमाकडे बघितलं. "तुला कळतं?"

सीमाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ती इंग्रजीत, हळूहळू, शब्द न शब्द उलगडून सांगू लागली. बाबा म्हणतात, तिनं काही सांगितलं नाही. दर रविवारी विचारूनही सांगितलं नाही. विक्रम सबनीसनं सांगितलं.

"हे कोण?"

"माझ्या केमिस्ट्री लॅबचे शिक्षक," सीमा म्हणाली. नाव, आडनाव, विभाग, सगळं तिनं न विचारता पुरवलं. हॉफमनबाईंनी पेन उचललं. काकांना आपण काय करून बसलो ते कळलं, पण तोवर उशीर झाला होता.

"आणि शेवटचं वाक्य?" बाईंनी विचारलं.

सीमानं शरयूकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "ते पर्सनल आहे," ती म्हणाली.

शरयूचं काम राहिलं. बाईंनी माफी मागितली नाही, "प्रकरण मिटलं आहे," एवढंच म्हणाल्या. विक्रमला त्याच्या विभागात बोलावणं आलं आणि पुढच्या टर्मला लॅब मिळणार नाही असं सांगण्यात आलं. आता तो काय गप्प बसणार? रेक्टरबाईनं मराठी माणसाचं नुकसान केलं, हे त्यानं घरोघरी पोचवलं. त्या वर्षीच्या दिवाळीच्या जेवणाला गावातल्या प्रत्येक मराठी माणसाला आमंत्रण होतं, एक सोडून. शुगर लँडचा रविवारचा फोन बंद झाला. यवतमाळहून वडिलांनी विचारलं, जगन्नाथला तू असं काय बोललीस की तो माझ्याशीही बोलत नाही? शरयूनं विषय बदलला. तेही सीमाचंच गुपित होतं.

पाडव्याच्या संध्याकाळी ऑफिसातला फोन वाजला. या वेळी श्वासाला आवाज होता.

"मी मीनाक्षीकाकू. हे बाहेर गेलेत. तू जे वागलीस ते मला आवडलं नाही, सांगून ठेवते." मग आवाज उतरला. "क्लासबिस काही विचारत नाही मी. तेवढं एक सांग. जेवते का गं ती नीट?"

काकांना सतरा वेळा नाही म्हणणं सोपं होतं. शरयूनं टेबलाची कड घट्ट धरली. सीमा जेवत होती की नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. "काकू," ती म्हणाली, "मला नका विचारू. मी फोन ठेवते. तुम्ही जागेवरून हलू नका."

ती जिना चढून वर गेली आणि सीमाचं दार वाजवलं. दार फटीएवढं उघडलं.

"तुझ्या आईला फोन कर. आत्ता."

"हॉफमन म्हणते तुम्ही ॲडव्हाइस द्यायची नसते," सीमा म्हणाली. मराठीत म्हणाली, मोडक्यातोडक्या.

"हा सल्ला नाही. हुकूम आहे. चल."

सीमानं डोळे फिरवले, चपला सरकवल्या आणि पाय आपटत खाली आली. जिन्याखालच्या फोनवर तिनं नंबर फिरवला. पलीकडून पहिल्याच घंटेला उचलला गेला. "आई," एवढं शरयूला ऐकू आलं. पुढचं ऐकू येऊ नये म्हणून ती काकूंनीच घेतलेला कोट अंगावर ओढून हॉस्टेलच्या बाहेर थंडीत जाऊन उभी राहिली.