न छापलेला खुलासा

प्रा. सुनंदा गेल्याची बातमी आमच्या सेलूच्या वार्ताहराने पाठवली. चार ओळींची होती. सवयीने मी आधी 'अल्पशा आजाराने' हे शब्द काढले, मग नाव पाहिले... वालूरच्या शाळेत आम्ही दहावीपर्यंत एका वर्गात होतो. पुढे ती परभणीच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवू लागली आणि मी वर्तमानपत्राच्या पुरवणीचे काम पाहू लागलो. ती बातमी येऊन आता पाच आठवडे झाले.

गेल्या वर्षी मीच तिच्याकडे लेख मागितला होता. एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप कसा जातो, हा विषय. निरोपाचे रसायन पेशीच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत भरलेले असते. पिशवीचे आवरण पेशीच्या आवरणाशी एकजीव झाले की रसायन बाहेर पडते. पण ही दोन आवरणे जवळ आली की एकमेकांना लोटतात. पुरेशी ऊर्जा मिळाल्याशिवाय पिशवी उघडत नाही. मला हे नीट कळेना. ती फोनवर म्हणाली, "अरे, व्याहीभेट पाह्यलीस ना? दोघं व्याही हार घेऊन समोरासमोर उभे, पाऊल कोनीच टाकंना. मागून मेहुणे ढकलतात तवा कुठं गळाभेट हुती. इथं ढकलायचं काम प्रथिनं करतात. कॅल्शियम आत आलं की शेवटचा धक्का."

"मग हा अडथळा काढता येत नाही का?"

"काढायचा कशाला? न ढकलता जो तो दिसंल त्याच्या गळ्यात पडाय लागला तर लग्न लागंल का? अडथळा हाय म्हणून निरोप वेळेवर जातो."

लेखाचा शेवट तिने याच मुद्द्यावर केला होता. जागा कमी पडली म्हणून मी तो परिच्छेद कापला आणि मथळा दिला : 'मेंदूतील अडथळा दूर होणार'.

लेख छापून आल्यावर चौथ्या दिवशी मथळा वाचून सोनपेठचे एक गृहस्थ कंपवात झालेल्या बायकोला एसटीने घेऊन सुनंदाच्या दारात आले. औषध कुठे मिळते, एवढेच त्यांना विचारायचे होते. त्यांच्यामागून आणखी लोक येत राहिले. सुनंदाने मला खुलासा छापायला सांगितले. "मथळा तुझा, अन् न्हाई म्हणायला मी व्हय?" मी 'पाहतो' म्हणालो. तिने पुन्हा विषय काढला नाही. मीही फोन केला नाही...

परवा तिच्या घरी गेलो. ओसरीत भिंतीला लागून एक लाकडी बाक होता. तिचे पती दत्तराव म्हणाले, "लोक यायलेत म्हणून तिनं आणला. उभ्या माणसाला न्हाई सांगू नये म्हणायची. आधी चहा, मग बोलणं."

बोलत होतो तेवढ्यात फाटक वाजले. एक म्हातारे गृहस्थ आत आले. "बाई हायेत का?"

दत्तराव चहा ठेवायला आत गेले. मी म्हाताऱ्यांना बाकावर बसवले आणि बाई गेल्याचे सांगितले. चहा येईपर्यंत थांबलो. मग म्हणालो, "काका, औषध निघालेलं नाही. छापलं ते चुकलं होतं."

"कुनी छापलं?"

"मी."

त्यांनी बशीतला चहा संपवला. खिशातून आमच्या पुरवणीचे कात्रण काढले आणि बराच वेळ मथळ्याकडे पाहिले. मला वाटले, ते मला परत देतील. त्यांनी त्याची पुन्हा घडी केली आणि जपून खिशात ठेवली.